सर्व्हर रूमचं तापमान

चेअरमन आप्पांनी सर्व्हर रूमच्या दाराशी चपला काढल्या. मी म्हणालो, "आप्पा, घालून आलात तरी चालतंय." ते म्हणाले, "मशीनच्या खोलीत चपला नकोत," आणि अनवाणी आत आले. त्यांच्यामागे आमचे कार्यकारी संचालक घोरपडे साहेब होते. त्यांना अख्खा दूध संघ एम.डी. म्हणायचा. त्यांनी आधी आप्पांच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि नाइलाजाने काळे बूट सोडले. डाव्या मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. मागून आलेल्या दोन संचालकांनाही मग पादत्राणं काढणं भाग पडलं.

भिंतीवर मोठा टीव्ही होता आणि त्यावर हिरव्या चौकोनांच्या रांगा. आप्पांनी चष्मा वर सरकवून सगळे चौकोन सावकाश पाहिले आणि कोपऱ्यातल्या एकावर बोट ठेवलं.

"हे बावीस पूर्णांक चार काय?"

"खोलीचं तापमान, आप्पा," एम.डी. म्हणाले. "दर अर्ध्या तासाला आपोआप मोजलं जातं. माणसाचा हात लागत नाही."

ज्या माणसाने चार मिनिटांपूर्वी, बरोबर अकरा वाजता, दोन बोटांनी तो आकडा टाकला होता, तो सगळ्यांच्या मागे भिंतीकडेच्या टेबलाशी स्टुलावर बसला होता. त्याने दोन्ही हात मांडीवर घेतले.

आठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा होतो. येरळा-माण सहकारी दूध संघात सिस्टिम इंजिनिअर म्हणून लागून पावणेदोन वर्षं झाली होती आणि अजून कायम व्हायचा होतो. संघाचा सगळा कारभार एका मोठ्या सर्व्हरवर चाले. मिसळणाच्या डब्यात वाट्या असतात तशा त्याच्या पोटात नऊ आभासी मशिन्स होत्या आणि प्रत्येकीत कामापरत्वे वेगवेगळे कंटेनर, म्हणजे एकेका कामाचे सुटे प्रोग्राम. गावोगावचं दूध नोंदवणारा एक, फॅटचा हिशेब लावणारा एक, टँकरच्या फेऱ्या जुळवणारा एक. यातलं काही बंद पडलं तर आम्हाला कळायचं ते गावाकडून. सकाळी सात वाजता तीनशे ऐंशी गावांतून "तुमचं मशीन घेत न्हाई" असे फोन सुरू झाले, की आम्ही धावत सुटायचो.

म्हणून मी फुकट मिळणारी सॉफ्टवेअरं जमवून आमच्याच सर्व्हरवर देखरेखीचा एक डॅशबोर्ड उभा केला. प्रत्येक मशीनला एक चौकोन, प्रत्येक कंटेनरला त्याखाली एक लहान चौकोन. सगळं ठीक असेल तर हिरवा, बिघडलं तर लाल, आणि वर भोंगा. बाहेरच्या कंपनीला भाडं द्यायचं नाही आणि संघाची माहिती संघाच्या भिंतीबाहेर जाणार नाही. आप्पांना यातलं शेवटचं फार आवडलं. "म्हणजे घरची म्हस," ते म्हणाले आणि त्यांनी लगेच टीव्ही मंजूर केला.

एकच चौकोन रिकामा राहिला होता, खोलीच्या तापमानाचा. त्याला सेन्सर हवा होता. तो एका बऱ्या शर्टाच्या किमतीत मिळतो, पण संघाच्या नियमाप्रमाणे वस्तू लहान असो की मोठी, तीन दरपत्रकं लागतात. आम्हाला दोन आली. फेरमागणी काढली, तर एकच आलं. तिसऱ्यांदा काढू, असं खरेदी विभाग म्हणाला. तोवर एम.डीं.नी शेजारच्या जिल्ह्यातल्या एका संघाच्या मंडळींना डॅशबोर्ड बघायला बोलावूनही टाकलं होतं.

"हा चौकोन दात पडल्यासारखा दिसतोय, सातपुते," ते मला म्हणाले. "भरा."

मी खिशातून सेन्सर आणायचं ठरवलं आणि तसं तोडकर अण्णांना बोललो. भूपाल तोडकर आमचे मशीन अटेंडंट. संघात पहिला संगणक आला त्या दिवशी त्याच्या खोक्याबरोबर तेही या खोलीत आले आणि चोवीस वर्षं इथेच राहिले. तासातासाला फेरी मारायची, कुठला पंखा वेगळा वाजतोय ते ऐकायचं, वहीत टिपायचं आणि गावाकडचे फोन घ्यायचे, हे त्यांचं काम. डॅशबोर्ड आला आणि यातलं बहुतेक सगळं त्याने घेतलं. मी कौतुकाने केलेलं काम नेमकं त्यांच्या पोटावर आलं होतं आणि ते मला रोज समोर दिसत होतं.

"खिशातनं कशाला?" अण्णा म्हणाले. "ही भिंतीवर लॅबवाल्यांची तापमान बघायची काचंची नळी हाय की. मी बघून आकडा टाकत जातो. न्हाईतर मला तरी काय काम उरलंय? समदं तुमचा टीव्हीच बघतोय."

मला वाटलं, आकड्याला आकडा आणि अण्णांना काम. मी त्यांच्यासाठी एक छोटं पान तयार करून दिलं. आकडा लिहायचा, बटण दाबायचं, तो टीव्हीवर जाईल. चाळीस मिनिटांत नवा आकडा आला नाही, तर चौकोन लाल होईल आणि भोंगा वाजेल. ही सोय मीच केली आणि शहाणपणाने केली.

पाहुणे आले. एम.डीं.नी छडी घेऊन एकेक चौकोन समजावला. तापमानाशी आल्यावर "हे पूर्ण स्वयंचलित आहे" असं ते म्हणाले, तेव्हा मी बोलायला तोंड उघडलं होतं. पण पाहुण्यांपैकी एकाने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली, आणि टाळ्यांत कुणाला खरं सांगत बसायचं. नंतर सांगू म्हटलं. नंतर एम.डीं.नी माझी पाठ थोपटली, मग तर राहूनच गेलं.

अण्णांनी मात्र ते काम जिवाला लावून घेतलं. आठवड्याभरात टीव्हीवर बावीस पूर्णांक चार, बावीस पूर्णांक सात असे आकडे दिसायला लागले.

"अण्णा, नळीवर तर नुसत्या मोठ्या खुणा आहेत. हे पुढचे चार-सात कुठून आणता?"

"अंदाजानं. नुसतं बावीस बरं दिसत न्हाई ओ. कुणीतरी हातानं लिवल्यावाणी वाटतं."

एकदा त्यांच्या हातून मधलं टिंब राहिलं आणि खोलीचं तापमान दोनशे बावीस झालं. भोंगा ऐकून एम.डी. आग विझवायचं नळकांडं घेऊन आले. "सेन्सरचं जरा जुळवणं चाललंय, सर," मी म्हणालो. इतक्या सहज खोटं बोललो, की माझं मलाच नवल वाटलं. एम.डी. दम खात म्हणाले, "बघा, किती तिखट आहे तुमचा सेन्सर." अण्णा खाली मान घालून टेबल पुसत राहिले. ते गेल्यावर आम्ही दोघं पोट धरून हसलो होतो.

हसण्याचं दिवाळं निघायला दोन महिने लागले. संघात नोकर कपातीची यादी निघाली आणि एम.डीं.नी तिच्यात पहिलं नाव घातलं ते तोडकरांचं. टीव्ही सगळं बघतो, तापमानसुद्धा, मग अटेंडंट कशाला? पद रद्द करायचं आणि तोडकरांना निवृत्तीपर्यंतचे चौदा महिने वाघजाईवाडीच्या दूध थंड करायच्या चिलिंग सेंटरवर पाठवायचं. वाघजाईवाडी साठ किलोमीटरवर, आणि जाणारी एसटी दिवसातून दोन.

अण्णांचं घर संघाच्या मागच्याच गल्लीत होतं. त्यांच्या बायकोची, काकूंची, नजर साखरेने जवळजवळ गेली होती. रोज साडेबाराला अण्णा घरी जाऊन त्यांना वाढायचे, भाजी कुठल्या बाजूला आहे, भाकरी कुठे, पाण्याचा तांब्या कुठे ते सांगायचे, आणि त्यांचं जेवण होईस्तोवर शेजारी बसून एकच्या ठोक्याला परत यायचे.

यादी लागली त्या दिवशी ते घरून आले आणि म्हणाले, "साठ किलोमीटर म्हंजे रोज येणंजाणं व्हायचं न्हाई. हिला एकटी कशी ठेवायची, सांगा."

"सेवक समितीपुढे विषय येणार आहे ना? मी बोलतो, अण्णा," मी म्हणालो. "तापमान तुम्हीच टाकता हे सांगतो. टीव्हीला तुमची गरज आहे हे कळलं की पद रद्द कसं करतील?"

"मग तुम्हाला काय म्हंतील?"

"ते बघू."

ते मी तीन रात्री बघत होतो. त्याच सभेच्या विषयपत्रिकेवर चौदावा विषय तोडकरांचा होता आणि पंधरावा माझ्या कायम होण्याचा. एम.डीं.नी पाहुण्यांना सांगितलेलं खोटं पाडणारा, दोनशे बावीसची थाप मारणारा मी, मला पुढच्याच मिनिटाला कायम कोण करणार होतं? माझं लग्न ठरलं होतं आणि सासरच्या मंडळींनी दोनदा विचारून झालं होतं, "कायम झाले का?" तरी मी वाक्यं जुळवली. 'आप्पा, एक खुलासा करायचा आहे,' अशी सुरुवात पाठ करून ठेवली. खरंच ठेवली होती.

आणि मग आप्पा म्हणाले, कागदावर निर्णय नको, आपण जाग्यावर जाऊन बघू. म्हणून त्या दिवशी सेवक समितीची सभा सर्व्हर रूममध्ये, अनवाणी भरली.

चार खुर्च्या टीव्हीसमोर मांडल्या होत्या. मी टीव्हीच्या बाजूला उभा, अण्णा सगळ्यांच्या पाठीमागे. आधीचे विषय भराभर उरकले. टीव्हीवरच्या घड्याळात साडेअकरा झाले. ही अण्णांची आकडा टाकायची वेळ. मला वाटलं, मागे कळा दाबल्याचा आवाज येईल. आला नाही.

"विषय चौदा," एम.डी. म्हणाले आणि बोलायला लागले. आधुनिकीकरण, काटकसर, काळाची पावलं. दोन संचालक चहा पीत होते. साडेअकरा होऊन तीन मिनिटं झाली, चार झाली. टीव्हीवर अजून अकराचाच आकडा होता. अकरा चाळीसला चौकोन लाल होणार होता.

"म्हणजे ह्या खोलीत माणूस नसला तरी चालतंय?" आप्पांनी विचारलं.

"सातपुते सांगतील. त्यांचंच काम आहे हे," एम.डी. म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. त्या हसण्यात पंधरावा विषय होता.

"आप्पा," मी म्हणालो. पुढचं वाक्य पाठ होतं. "तसं डॅशबोर्ड बरंचसं बघतो."

"बरंचसं म्हणजे? राहतं काय?"

"तसं काही विशेष नाही," मी म्हणालो.

आप्पा खुर्चीतच अर्धे वळले. "तोडकर, तुम्हीच सांगा. तुम्ही हितं काय करता?"

अकरा सदतीस झाले होते. अण्णांना काही करायची गरजच नव्हती. तीन मिनिटं गप्प बसले असते, तरी टीव्हीनेच त्यांच्या वतीने साक्ष दिली असती. भोंगा वाजला असता, एम.डीं.नी मला विचारलं असतं आणि मला सांगावंच लागलं असतं. मी टीव्हीवरची नजर काढली नाही.

"काय न्हाई, आप्पा," मागून अण्णांचा आवाज आला. "पुसापुशी करतो."

आणि ते खरंच पुसायला लागले. फडकं टेबलावरून फिरलं, तसं कीबोर्डवर आलं आणि तिथे थोडं जास्त वेळ रेंगाळलं. टीव्हीवरचे बावीस पूर्णांक चार गेले आणि बावीस पूर्णांक सहा आले.

"बघा आप्पा, आत्ता बदललं," एम.डी. खुर्चीत पुढे सरकत म्हणाले. "तुमच्या डोळ्यांदेखत. कुणी हात लावला का?"

"न्हाई बा," एक संचालक म्हणाले.

चौदावा ठराव झाला. पंधरावा त्याच्याहून लवकर झाला. जाताना आप्पांनी चपला घालता घालता माझं अभिनंदन केलं. अण्णांनी सगळ्यांचे कप गोळा केले, साडेबाराला ते काकूंना वाढायला घरी गेले आणि एकच्या ऐवजी त्या दिवशी दीडला परत आले. मी फोन कानाला लावून बोलत राहिलो. पलीकडे कुणीही नव्हतं.

अण्णा वाघजाईवाडीला गेले, त्या दिवशी दुपारीच मी सेन्सर विकत आणला. खिशातून. बसवायला वीस मिनिटं लागली. बसवला आणि चौकोन लाल झाला. सर्व्हरच्या पाठीशी सत्तावीस पूर्णांक नऊ तापमान होतं, आणि ते बहुधा पहिल्यापासूनच तेवढं होतं. अण्णांची काचेची नळी एसीच्या थेट तोंडाखाली टांगलेली होती, हे आमच्यापैकी कुणाच्या कधी लक्षातच आलं नव्हतं.

भोंगा ऐकून एम.डी. आले. मी म्हणालो, "सर, नवा सेन्सर आहे. खरं तापमान दाखवतोय. एसी वाढवावा लागेल."

त्यांनी चौकोनाकडे नाराजीने पाहिलं. "आधीचा चांगला होता," ते म्हणाले. "इतके महिने कधी तक्रार नाही. तोच परत बसवा."

मी नवा सेन्सर काढला आणि नळीच्या जागी, एसीच्या तोंडाखाली लावला. बावीस पूर्णांक एक. एम.डी. म्हणाले, "आता कसं," आणि गेले. मी कायम झालो होतो, आता खरं बोलायला हरकत नव्हती. तरी नाही बोललो. सवय लागली की लागते.

सहा महिन्यांनी डॅशबोर्ड चिलिंग सेंटरांवर पसरवायचं ठरलं. दुधाच्या टाकीच्या सेन्सरला या वेळी तीन दरपत्रकं आली. वाघजाईवाडीला दुसऱ्या कुणालातरी पाठवायची मी बरीच खटपट केली, पण माणूस मिळाला नाही. शेवटी मीच गेलो.

अण्णा टाकीशेजारी बसून वहीत आकडे लिहीत होते. मला बघून उठले, हसले, टपरीवरून चहा मागवला. मी सेन्सर बसवला, फोनवर हिरवा चौकोन आला, तो त्यांना दाखवला.

"मग आता वही बंद?" त्यांनी विचारलं.

"नाही. तपासणीवाल्यांना हाताने लिहिलेलीच वही लागते, खाली सहीसकट."

"बरं हाय की. टीव्हीला सही येत न्हाई," ते म्हणाले आणि वही जपून बाजूला ठेवली.

"काकू कशा आहेत?"

"लेकीकडं ठेवलीया, जयसिंगपूरला. लेक सांगती तिला ताटातलं कुठं काय हाय ते. पर ही म्हंती, घाईघाईत सांगती. पंधरा दिसांनी एकदा जातो."

सहा महिने जे टाळलं होतं, ते मी विचारून टाकलं. "अण्णा, त्या दिवशी तुम्ही आकडा का टाकलात? नुसते गप्प बसला असता तर चौकोन लाल झाला असता. सगळं आपोआप बाहेर आलं असतं. तुम्ही इथे आला नसता."

"गप्पच बसलो होतो की," अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "साडेअकराचा आकडा सात मिंटं टाकलाच न्हाई. हात कीबोर्डवर ठिवून तुमच्याकडं बघत होतो. म्हटलं, पोरगं बोलंल. त्यानं सांगितलं तर आप्पा त्याला कशाला काढतील, उलट बरं म्हंतील. पर मी भोंगा वाजवून सांगायचं, म्हंजे तुम्हाला चारचौघांत चोर ठरवायचं. ते मला जमंना."

टाकीचा पंखा सुरू झाला. अण्णांनी कान देऊन तो नीट वाजतोय ना ते ऐकलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही माझ्याकडं एकदाबी बघितलं न्हाईसा. टीव्हीकडंच बघत होता. काय बघत होता ओ एवढं?"

त्यांच्याशी तरी खोटं बोलायचं नाही, एवढं त्या क्षणी मला जमलं.

"आकडा पडतो का ते," मी म्हणालो.

अण्णांनी मान हलवली.

"पडला न्हवं?" ते म्हणाले.